पाळी दर महिन्याला वेळेवर येते तरी उजवीकडे असह्य दुखतं, सोनोग्राफीत एकच किडनी निघाली

ऊसपट्ट्यातली_आई

नमस्कार. इथे नेहमी वाचते पण लिहितेय पहिल्यांदाच, तेही घरात कोणाला न सांगता, काही पुढंमागं झालं तर सांभाळून घ्या.

माझी मुलगी साडेतेरा वर्षांची, आठवीत. मागच्या गणपतीच्या आधी तिला पाळी सुरू झाली. पहिले दोन-तीन महिने काहीच त्रास नव्हता. दिवाळीनंतर उजव्या बाजूला ओटीपोटात दुखायला लागलं, मग कमरेत, मग मांडीपर्यंत. पाळी मात्र अगदी वेळेवर, चार-पाच दिवस, त्यात काहीच गडबड नाही. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं पहिली दोन वर्षं असं होतंच, मेफ्तल द्या आणि गरम पाण्याची पिशवी. दिली. पण दुखणं दर महिन्याला वाढतच गेलं, आणि मला विचित्र वाटायचं ते हे की पाळी संपली तरी दुखणं थांबायचं नाही, उलट त्यानंतरचे दोन-तीन दिवस जास्त. उलट्या व्हायच्या. एकदा अपेंडिक्स म्हणून एक रात्र ॲडमिट केलं, सलाईन लावलं, सकाळी सोडलं.

गेल्या महिन्यात लघवीच तुंबली. नळी घालून काढावी लागली. तेव्हा तालुक्याच्या ठिकाणी नीट सोनोग्राफी झाली आणि त्यात निघालं की उजवी किडनीच नाही, डावी थोडी मोठी आहे, गर्भाच्या पिशव्या दोन आहेत, आणि उजवीकडे लघवीच्या पिशवीमागे ८ बाय ६ सेंटीमीटरचं काहीतरी साठलंय. रिपोर्टवर 'राइट हिमॅटोकॉल्पॉस' लिहिलंय आणि एमआरआय करा म्हणून सुचवलंय. एक डॉक्टर म्हणतात सुई घालून साठलेलं काढून टाकू, होईल मोकळी. दुसरे म्हणतात उजवी पिशवी काढावी लागेल. सासूबाई म्हणतात कोणाला हात लावू द्यायचा नाही, उद्या लग्नाचं बघायचंय, आणि बाहेर कुठे बोलायचं नाही. मिस्टर गप्प आहेत.

मला काही कळत नाहीये. हे आहे काय नक्की? साडेतेरा वर्षांच्या पोरीची पिशवी काढायची? एका किडनीवर आयुष्य निघतं का? आणि तिला स्वतःला काय सांगू, ती रोज विचारते मला काय झालंय.

रात्रपाळीवाली_गायनॅक

ताई, तुमच्या रिपोर्टमध्येच निम्मं उत्तर आहे आणि सोनोग्राफी करणाऱ्याने किडन्या बघितल्या हे तुमचं नशीब, कारण पुष्कळदा नुसती 'पेल्विस' बघून सोडून देतात. मी सरकारी हॉस्पिटलात काम करते, अशा मुली वर्षाकाठी एखाददुसरी येते, आणि जवळपास प्रत्येकीची गोष्ट तुमच्यासारखीच असते. मेफ्तल, अपेंडिक्स, आणि शेवटी लघवी अडकली की मग शोध.

रिपोर्टवरचं 'हिमॅटोकॉल्पॉस' म्हणजे योनीमार्गात साठलेलं पाळीचं रक्त. या सगळ्या प्रकाराला आम्ही ओहविरा म्हणतो. जुन्या फाईलींमध्ये हर्लिन-वेर्नर-वुंडरलिख असं लांबलचक नाव दिसेल, हर्लिन आणि वेर्नर यांनी १९७१ मध्ये आणि वुंडरलिख यांनी १९७६ मध्ये वर्णन केलं म्हणून. तीन गोष्टी एकत्र असतात: दोन पिशव्या, त्यातल्या एका बाजूचा योनीमार्ग पडद्याने बंद, आणि त्याच बाजूची किडनी नाही. उजवी बाजूच जास्त वेळा असते, साधारण तिघींत दोघींना.

किडनीचा काय संबंध, असं सगळेच विचारतात. पोटातल्या बाळात पिशवी सुरुवातीला एक नसतेच, दोन नळ्या शेजारी शेजारी खाली येतात आणि जुळून एक पिशवी होते. त्या नळ्यांच्या लगत दुसरी एक नळी असते आणि किडनीचा कोंब त्या दुसऱ्या नळीतून फुटतो. तीच एका बाजूला बिघडली की किडनी होत नाही आणि शेजारणीचीही वाट चुकते, जुळणं राहून जातं, खालचं तोंड बंद राहतं. हे सगळं गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ठरून जातं. तुम्ही तेव्हा काय खाल्लं, ग्रहण पाळलं की नाही, याच्याशी काही देणंघेणं नाही. कोणी ऐकवलं तर हे ऐकवा.

आता पाळी वेळेवर येऊनही दुखतं कसं? घरात दोन मोऱ्या आहेत समजा. एकीचं पाणी नीट वाहून जातंय म्हणून दुसरी तुंबलीय हे कोणाच्या लक्षातच येत नाही. डाव्या पिशवीची पाळी बाहेर येते, सगळे म्हणतात नियमित आहे, छान आहे. उजव्या पिशवीची पाळी त्याच दिवशी सुरू होते आणि आतच साठते, दर महिन्याला भर पडते. म्हणूनच पहिले दोन-तीन महिने त्रास नाही आणि मग वाढत वाढत जातो. पूर्ण बंद असलेल्या मुलीला पाळी येतच नाही, तिथे आई लवकर डॉक्टर गाठते. इथे नियमित पाळीच फसवते.

सुई घालून काढू, याला माझा स्पष्ट नकार. आत साठलेलं जुनं रक्त पातळ नसतं, तुमच्याकडच्या काकवीसारखं असतं, सुईतून ते धड निघत नाही, आणि आत जंतू गेले की पू होतो. मग तापाने फणफणलेली पोर घेऊन धावपळ. आणि निघालं तरी पडदा तिथेच, पुढच्या महिन्यात परत भरणार.

खरा उपाय म्हणजे तो पडदा कापून काढणं. खालूनच होतं, पोटावर टाके नाहीत. भूल देतात, पडदा उघडतात, साठलेलं सगळं वाहू देतात, मग पडद्याचा जमेल तेवढा भाग काढून कडा टाक्यांनी शिवून घेतात म्हणजे तोंड परत मिटत नाही. एकाच बैठकीत होतं, एक-दोन दिवसांत घरी. पिशवी काढायची गरज सहसा पडत नाही, हे 'सहसा' मी मुद्दाम लिहितेय, एमआरआय बघितल्याशिवाय कोणीच पक्कं सांगू नये.

सासूबाईंच्या शंकेबद्दल. निदानासाठी आतून तपासायची गरज नाही. सोनोग्राफी पोटावरून होते, लघवी भरलेली ठेवून, आणि एमआरआयला तर कोणी हातही लावत नाही. जे बघायचं ते ऑपरेशनच्या वेळी, ती भुलीत असताना. बारीक दुर्बिणीतून बाहेरच्या नाजूक पडद्याला धक्का न लावता हे ऑपरेशन करणारेही आहेत, तुम्हाला ते महत्त्वाचं वाटत असेल तर आधीच विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्यावरून ऑपरेशन पुढे ढकलू नका. साठलेलं रक्त गर्भनलिकांतून मागे पोटात जातं, एंडोमेट्रिओसिस होतो, म्हणजे पिशवीच्या अस्तरासारख्या पेशी पिशवीबाहेर वाढतात आणि पुढे मूल राहायला अडचण येऊ शकते, आणि लग्नाचीच काळजी असेल तर खरी काळजी ती आहे.

तोवर पाळी थांबवायच्या गोळ्या मिळतात. गणपतीत, पूजेत पाळी पुढे ढकलायला बायका घेतात त्याच जातीच्या, पण मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नका, डोस डॉक्टरच ठरवतील. ताप आला, लघवी पुन्हा अडकली किंवा घाण वासाचं जायला लागलं तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल.

निसर्गोपचार_प्रेमी

ऑपरेशनची एवढी घाई कशाला, शतावरी आणि अशोकारिष्ट सुरू करा, आमच्या ओळखीत एकीला असंच होतं, आपोआप फुटून मोकळं झालं.

रात्रपाळीवाली_गायनॅक

दार नसलेल्या खोलीला काढ्याने दार पडत नाही हो. आणि 'आपोआप फुटलं' म्हणजे पडद्याला बारीक छिद्र पडलं असेल, त्यातून थोडं थोडं जात राहतं आणि त्याच छिद्रातून जंतू आत जातात. ते जास्त वाईट.

काळ्यापांढऱ्या_फिल्म

मी रेडिओलॉजीत आहे. वर सगळं बरोबर लिहिलंय, दोन-तीन गोष्टी आमच्या बाजूने.

एमआरआय साठलेलं काढायच्या आधी करा, नंतर नाही. भरलेलं असतं तेव्हा पडदा कुठे आहे, किती जाड आहे, खालच्या तोंडापासून किती वर आहे हे स्वच्छ दिसतं, एकदा रिकामं झालं की सगळं एकमेकाला चिकटतं आणि मग आम्ही अंदाजच बांधत बसतो. सर्जनला नकाशा हवा असतो, तो भरलेल्या घड्याचा मिळतो.

दुसरं, उजव्या पिशवीचं खालचं तोंड, म्हणजे सर्व्हिक्स, आहे की नाही हे रिपोर्टमध्ये लिहून घ्या. बहुतेकींना असतं आणि फक्त पडदा काढून भागतं. थोड्याजणींना ते तयारच झालेलं नसतं, मग पडदा काढून उपयोग नाही, रक्ताला पिशवीतूनच वाट नसते, अशा वेळी ती बाजू काढावी लागू शकते. म्हणजे जे दुसरे डॉक्टर पिशवी काढायचं म्हणाले ते अगदीच चूक बोलले असं नाही, पण एमआरआयच्या आधी बोलले.

तिसरं थोडं आडवळणाचं आहे. किडनी 'नाही' म्हणतो तेव्हा कधीकधी ती अगदी सुकलेली, सुपारीएवढी कुठेतरी असते आणि तिची लघवीची नळी त्या बंद भागात उघडते. पडदा काढल्यावर मग अशा मुलीला थेंब थेंब ओलं राहायला लागतं आणि घरचे म्हणतात ऑपरेशन बिघडलं. म्हणून फॉर्मवर 'पेल्विस आणि किडन्या दोन्ही' असं लिहून घ्या.

पोरीला सांगून ठेवा मशीन खूप आवाज करतं, अर्धा-पाऊण तास हलायचं नाही, दुखत काही नाही. बहुतेक ठिकाणी आईला आत बसू देतात, फक्त मंगळसूत्र, हेअरपिना, सगळं काढून.

गोदाकाठची

ताई, मी तीच मुलगी आहे. म्हणजे तुमची मुलगी सोळा वर्षांनी जी असेल ती. आता २९ ची आहे.

मला पंधराव्या वर्षी कळलं, म्हणजे डॉक्टरांना कळलं, मला नाही, ते पुढे सांगते. पहिल्या ठिकाणी नुसता छेद देऊन साठलेलं काढलं आणि घरी पाठवलं. आठ दिवस इतकं हलकं वाटलं की काय सांगू. चार-पाच महिन्यांत ते तोंड परत मिटत आलं आणि अंगावरून पिवळसर, वासाचं जायला लागलं, वर्गात शेजारी बसायला मुली नको म्हणायच्या. मग मुंबईला नेलं, तिथे पडदा पूर्ण काढला, त्यानंतर आजवर परत काही झालं नाही. त्यामुळे ताई, ऑपरेशन करणाऱ्याला थेट विचारा की नुसता छेद देणार की पडदा काढणार, आणि असं आधी किती वेळा केलंय. राग आला तर येऊ दे.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन पाळ्या जास्त गेल्या, काळं काळं, घाबरू नका. आणि आता दोन्हीकडचं बाहेर येतं म्हणून आधीपेक्षा पॅड जास्त लागतात, तेही ठीकच आहे.

लग्न झालं. बैठकीत नाही, पण ठरायच्या आधी नवऱ्याला मी स्वतः सांगितलं, रिपोर्ट दाखवला. तो म्हणाला एक किडनी तर माझ्या काकांनाही आहे. मुलगी आहे मला, उजव्या पिशवीत राहिली होती, म्हणजे जी बंद होती तीच! ३५ व्या आठवड्यात झाली, पायाळू होती म्हणून सिझेरियन. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की पिशवी अर्धीच असल्याने जागा कमी, बाळ लवकर येऊ शकतं, आडवं-उलटं असू शकतं, म्हणून सातव्यापासून माहेरी न जाता मोठ्या हॉस्पिटलच्या जवळ राहिले.

आता ते न कळण्याचं. आईने मला सांगितलं होतं की 'गाठ होती, काढली'. बस. एकोणिसाव्या वर्षी कपाटात जुनी फाईल सापडली, तिच्यात दोन पिशव्या, एक किडनी, सगळं लिहिलेलं, आणि मी चार दिवस आईशी बोलले नाही. चार वर्षं मी गाठ म्हणजे कॅन्सर असणार आणि हे लपवतायत असं धरून जगत होते, रात्री पोट चाचपून बघायचे. खऱ्या गोष्टीपेक्षा माझ्या मनातली गोष्ट कितीतरी भयंकर होती. पोरीला सांगा ताई. साडेतेरा वर्षांच्या मुलीला कळतं. चित्र काढून सांगा, डॉक्टरीणबाईंना सांगायला लावा, तिला एकटीला दोन प्रश्न विचारू द्या, तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसा.

मावशी_चिंचवड

विषय थोडा वेगळा आहे पण इथेच विचारते. भाची १७ ची, पाळी अजून आलीच नाही. बाकी अंगाने व्यवस्थित वाढलीय, दुखत-बिखत काही नाही. बहीण म्हणते आमच्याकडे उशिराच येते. हाच प्रकार असेल का?

रात्रपाळीवाली_गायनॅक

नाही, हा नसावा. पण १५ पर्यंत पाळी आली नाही तर दाखवायचं असतं, १७ म्हणजे आता थांबूच नका. दर महिन्याला दुखतं पण बाहेर काही येत नाही असं असेल तर खालचाच पडदा पूर्ण बंद असू शकतो, तिथे निळसर फुगवटा दिसतो आणि छोट्या ऑपरेशनने सुटतं. दुखत नाही, वाढ छान आहे आणि पाळी नाही, यात एमआरकेएच नावाचा प्रकार आधी मनात येतो. अंडाशय ठीक असतात म्हणून वाढ ठीक, पण पिशवी आणि योनीमार्गाचा वरचा भाग तयार झालेला नसतो. साधारण ५००० मुलींत एक, म्हणजे एवढंही दुर्मिळ नाही. सोनोग्राफी, हार्मोन आणि गुणसूत्रांची तपासणी लागेल, कारण सारखं दिसणारे दुसरे प्रकारही आहेत आणि त्यांचे उपचार वेगळे. इथेही किडन्या बघायच्या, आणि पाठीचा कणाही.

ते निघालंच तर एक आत्ताच सांगते, लग्न ठरलं म्हणून घाईघाईने ऑपरेशन असं करू नका. योनीमार्गासाठी पहिला उपाय डायलेटरचा असतो, म्हणजे गुळगुळीत नळीसारख्या साधनाने मार्ग हळूहळू ताणून वाढवायचा, ऑपरेशनशिवाय, आणि तो ती स्वतः मोठी होऊन म्हणेल तेव्हा सुरू करायचा. आईने नाही, सासूने नाही. मुलाचा रस्ताही अगदी बंद नसतो, अंडी तिची स्वतःची असतात, सरोगसीच्या २०२१ च्या कायद्याखालच्या नियमांत पिशवी नसणं हे कारण धरलेलं आहे. आणि आईची पिशवी मुलीला बसवायचं देशातलं पहिलं ऑपरेशन आपल्या पुण्यातच झालं, २०१७ मध्ये. ते काही रोजचं नाही, मोठं काम आहे, पण माहीत असू दे. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहीन.

ऊसपट्ट्यातली_आई

सगळ्यांचे आभार कसे मानू. गोदाकाठच्या ताई, तुमचं मी मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवलं, लेक झाली ते वाचलं तेव्हा पहिल्यांदा ते बोलले, म्हणाले उद्या पुण्याला निघू.

एमआरआय झाला. सर्व्हिक्स दोन्ही आहेत, पडदा पातळ आहे, सुकलेली किडनी वगैरे कुठे नाही. मंगळवारी ऑपरेशन झालं. मी थेट विचारलं नुसता छेद की पडदा, डॉक्टरीणबाई हसल्या, म्हणाल्या कोणी शिकवून पाठवलंय वाटतं. पडदाच काढला. काकवी म्हणालात ते खरंच होतं, बाईंनी नंतर सांगितलं तीनशे मिलीच्या वर निघालं. दुसऱ्या दिवशी पोर कॅन्टीनचा डोसा मागत होती. किती महिन्यांनी तिने स्वतःहून काही खायला मागितलं.

तिला सांगितलं सगळं. बाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. पहिला प्रश्न काय तर 'मग मला महिन्यातून दोनदा पाळी येणार का?' नाही म्हटल्यावर म्हणाली मग ठीक आहे. सासूबाईंना अजून फक्त 'गाठ' सांगितलंय, त्यांचं बघू हळूहळू.

आता किडनीचं राहिलं. ती शाळेच्या कबड्डी टीममध्ये आहे. बंद करायचं का?

रात्रपाळीवाली_गायनॅक

वा! एका चांगल्या किडनीवर माणसं पूर्ण आयुष्य काढतात, डावी मोठी झालीय ती दोघींचं काम करतेय म्हणून, त्यात घाबरण्यासारखं नाही. वर्षातून एकदा बीपी, लघवीतलं प्रोटीन आणि रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कसं काम करतेय ते त्यावरून कळतं) बघत जा. मेफ्तल, ब्रुफेन असल्या गोळ्या येताजाता नकोत, विशेषतः उलट्या होऊन पाणी कमी पडलेलं असताना तर नाहीच, आणि ती पूर्वी नेमकं तेच करत होती. साधं पॅरासिटामॉल चालतं. कबड्डी सरसकट बंद करू नका, जोराचा मार लागायची शक्यता किती याचा विचार करून किडनीच्या डॉक्टरांशी बोला आणि निर्णयात तिलाही बसवा, बरीच मुलं काळजी घेऊन खेळतात. पोटाला-कमरेला मार लागून लघवी लाल झाली तर मात्र लगेच दाखवायचं, हे तिच्या सरांनाही सांगा.

सहा आठवड्यांनी एकदा दाखवून या, तोंड मोकळं आहे ना ते बघतील. आणि पुढे कधी लग्नानंतर सर्व्हिक्सची तपासणी किंवा कॉपर-टी असा विषय आला तर तिने स्वतः सांगायला हवं की माझ्या पिशव्या दोन आहेत, एकीचंच बघून सोडू नका.

काळ्यापांढऱ्या_फिल्म

फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात 'एकच मूत्रपिंड, डावं' असं लिहून ठेवा आणि एमआरआयची सीडी उन्हात ठेवू नका, रिपोर्टचा फोटो तिच्या स्वतःच्या मोबाईलमध्ये असू दे. धाकटी बहीण आहे का हो तिला? असेल तर गरोदरपणातली जुनी सोनोग्राफी काढून बघा, किडन्या दोन लिहिल्यात का.

ऊसपट्ट्यातली_आई

धाकटा भाऊ आहे. पण नणंदेच्या मुलीला जन्मापासून एकच किडनी आहे असं मागे कधीतरी ऐकलं होतं, ती आता दहा वर्षांची आहे. पाळी सुरू व्हायच्या आतच तिची सोनोग्राफी करून घ्यायला सांगते, आत्ताच फोन लावते तिला.